तात्या कोण?

पुस्तकांचं खोकं आलं तेव्हा वहिनी आपल्या नवऱ्याच्या, दादांच्या कोटाचं बटण लावत होत्या. बेल वाजताच धाकटी नणंद धावली, तिच्यामागून वहिनींची लेक चिमणी धावली, आणि जिची ती पुस्तकं होती ती थोरली नणंद ताई मात्र खुर्चीत बसल्या जागी थिजली.

"आलं! अगं, आलं!" धाकटीने खोकं छातीशी धरून आत आणलं. तिच्या औषधांच्या दुकानात रोज खोकी येत, पण असं मिठी मारून तिने एकही कधी उचललं नव्हतं. "ताई, ऊठ की! बावीस वर्षांनी लेकरू घरी आलंय आणि आई बसून काय राहिलीये!"

"हात धुऊन येते," ताई म्हणाली आणि तशीच बसून राहिली.

चिमणीने कात्री आणली. दादांनी नुसती मान हलवली आणि कात्री खाली गेली. या घरातली खोकी दादा फोडत. वजनमापं खात्यात निरीक्षक होते तेव्हापासूनची सवय. नोकरी गेली, ज्या सरकारने ती घालवली तेही गेलं, पण सवय जागची हलली नाही. त्यांनी चिकटपट्टीच्या कडेने पातं अलगद फिरवलं, झाकणं चारी बाजूंना उलगडली आणि पहिली प्रत बाहेर काढली. निळ्या पुठ्ठ्यावर पांढरी अक्षरं: 'मापात राहा'.

या दोन शब्दांनी घराची काय काय वाट लावली होती! पुस्तक दुकानांत लागलं आणि आठवडा व्हायच्या आत, देश मुठीत ठेवलेल्या सेनापतींच्या माणसांनी प्रत न् प्रत उचलली, छापखान्याला कुलूप ठोकलं. निमित्त कादंबरीतल्या तात्याचं. साबणाच्या वडीचे दोऱ्याने समान तुकडे करणारा, दारातल्या चपलांची पाहणी करणारा, जेवायला शिट्टी वाजवून बोलावणारा तात्या म्हणजे खुद्द सेनापतीच, असं सेन्सॉरच्या साहेबाने ठरवलं. ताई एका भाजीच्या ट्रकमधून सीमेपार निसटली. ती कुठे आहे ते सांगेनात म्हणून दादांना उचललं, वर्षाच्या वर आत ठेवलं. आणि बंदी आली म्हटल्यावर काय, देशभर ज्याच्या त्याच्या तोंडी तात्या. आधी चोरून टाइप केलेल्या प्रती फिरल्या, त्या पकडल्या गेल्यावर नुसते किस्से फिरले. सेनापतींचं नाव उघड घेणं परवडत नसे, मग लोक म्हणत, "आज तात्यांचं भाषण आहे, कानात बोळे घाला." गेल्या वर्षी सेनापती विमानात बसून पळाले तेव्हा भिंतीभिंतीवर एकच वाक्य होतं: तात्या पळाला!

पण तात्या म्हणजे सेनापती नव्हतेच. तात्या म्हणजे दादा.

ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. एक दादा सोडून. कादंबऱ्यांच्या वाटेला ते कधी गेले नव्हते. "ज्यात एकही आकडा खरा नसतो ते वाचून करायचं काय?" असं ते म्हणत. ज्या पुस्तकाने त्यांची टोपी उडवली त्याच पुस्तकापायी ते तुरुंगात जाऊन आले, ताठ मानेने आले, आणि ती मान ताठ राहावी म्हणून वहिनींनी इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. पाहुण्यांच्या तोंडून तात्याचा 'ता' निघाला की वहिनींच्या हातून काहीतरी पडे. किती बशा गेल्या, किती पेले गेले, त्याला गणती नाही.

"पुठ्ठा हलका वापरलाय," दादांनी प्रत तळहातावर तोलली. मग चष्मा चढवला. "मी आत बसतो. निघायची वेळ होईपर्यंत मला कुणी हाक मारू नका."

"अहो, आत्ता कशाला?" वहिनी उठल्याच. "दुपारी हॉलमध्ये चिमणी वाचणारच आहे ना स्टेजवरून."

"दुपारी सगळं गाव ऐकणार. त्याआधी घरच्या माणसाने वाचायला नको?"

वहिनींच्या हातून सुयांची डबी पडली. दादांनी ती उचलून टेबलावर ठेवली, खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

"बोंबला," धाकटी म्हणाली.

चौघी स्वयंपाकघरात शिरल्या. त्यांनी दार लोटून घेतलं. धाकटीनेच आधी तोंड उघडलं. "रक्तदाबाची गोळी आधीच देऊन ठेवू का? चहात विरघळते."

"त्यांना न सांगता?" वहिनी म्हणाल्या.

"न सांगताच तर सगळं चाललंय या घरात!"

चिमणी रेडिओवर निवेदिका होती. एरवी तिच्या आवाजाने लोकांना धीर येई, आज तिचाच धीर सुटला होता. "मी साबणाचं प्रकरण बसवलंय. बाबा पहिल्या रांगेत, आणि मी वरून वाचणार, 'तात्याने दोरा ताणला आणि म्हणाला, फेस सगळ्यांना सारखा!' आई, हे वाक्य आपल्या घरात मी स्वतः ऐकलंय गं!"

"वाचू दे त्याला," ताई म्हणाली. सगळ्या तिच्याकडे वळल्या. परत आल्यापासून ती अशीच बोलायची, हळू आणि जमिनीकडे बघून. "सेनापतीची मला कधी भीती वाटली नाही. परक्या देशात दचकून उठायचे ती दादाच्या भीतीने. तो माझ्यासाठी आत बसला, आणि मी काय केलं होतं? त्याची नक्कल. त्याला कळू दे एकदाचं. मग त्याला मला काय बोलायचं ते बोलू दे."

"हे लिहिताना सुचायला हवं होतं," धाकटी फटकन म्हणाली. दादा सुटून आले तेव्हापासून ती त्यांच्या बाजूची. ताईशी ती हसे, पण त्या हसण्याला नेहमी एक अणकुचीदार टोक असे. "साबण ठीक, चपला ठीक. गंमत आहे. पण ते नववं प्रकरण कशाला घातलंस? बायकोवर ओरडून झालं की तात्या बाथरूममध्ये जातो, नळ मोठा सोडतो आणि आरशासमोर उभा राहून माफी मागायचा सराव करतो. 'चुकलं माझं. जरा जास्तच बोललो.' आणि बाहेर येऊन म्हणतो काय, तर 'टॉवेल बदलायला झालाय.' कुठून सुचलं तुला? सख्ख्या भावाला इतकं केविलवाणं केलंस!"

ताईने मान खाली घातली. ती काही बोलणार नाही हे वहिनींना ठाऊक होतं. सेनापतींच्या माणसांनी चौकशी केली असती तरी ती बोलली नसती, आणि इथेही बोलणार नव्हती.

"तिला सुचलं नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "मी सांगितलं होतं."

"काय?"

"नळाच्या आवाजातही सगळं ऐकू येतं. मी ऐकायचे. एकदा ताईला सांगितलं. दोघी याच ओट्याशी पोट धरधरून हसलो होतो."

धाकटीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे इतकी वर्षं मी हिच्याशी धड बोलले नाही, आणि घरभेदी तुम्ही निघालात? वहिनी, तुम्ही?"

"आत्या, जरा बेताने," चिमणी आईच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "तू लग्न करून गेलीस, ताईआत्या कादंबऱ्या लिहीत होती. शिट्टीवर जेवायला आम्ही बसायचो. आईने हसायचं तरी कुणापाशी?"

"मी तिला बोलत नाहीये, मी म्हणतेय..." धाकटी अडखळली. मग एकदम ताईकडे वळली. "आणि तू का गप्प राहिलीस? मी पत्रांतूनही इतकं टोचायचे, सांगून टाकायचं की!"

"तुला राग काढायला कुणीतरी हवं होतं," ताई म्हणाली. "वहिनीला इथे राहायचं होतं. मी काय, लांब होते."

 धाकटी ताईच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन धपकन बसली आणि तिने ताईचा हात ओढून मांडीवर घेतला. बावीस वर्षांचं भांडण असं स्टुलावर बसून मिटलं. आता दोघी मिळून वहिनींकडे बघू लागल्या, हे मात्र वहिनींना फारसं रुचलं नाही.

तेवढ्यात आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चौघी एकामागून एक पाय न वाजवता बाहेर आल्या आणि खोलीच्या दाराला कान लावून उभ्या राहिल्या. आत पान उलटलं. कुणी हसलं का? खोकलं का? चिमणी कुजबुजली, "नवव्यावर आले असतील." 

"दार जुनं आहे," आतून दादांचा आवाज आला. "चौघींचं वजन घेणार नाही."

चौघी पांगल्या.

प्रकाशक ठरल्या वेळेच्या आधीच येऊन थडकला. तरुण पोरगा, केस विस्कटलेले, दोन्ही खिशांतले फोन वाजताहेत आणि तो एकही उचलत नाहीये. "ताई, हॉल भरला! आत्ताच! बाहेर रस्त्यावर कर्णे लावतोय. परदेशातले पत्रकार आलेत. आणि ठाऊक आहे, हा कुठला हॉल? सेनापतींचा! ते जिथे भाषण ठोकायचे तिथेच तुमचं पुस्तक. त्यांच्या तसबिरीच्या जागी भिंतीवर अजून फिकट चौकोन आहे, त्याच्या बरोब्बर खाली तुमची खुर्ची ठेवलीये!" त्याने दम घेतला. "फक्त एक करा. भाषणात एकदा स्पष्ट सांगा, तात्या म्हणजे सेनापती. लोक तेवढ्यासाठी जीव टांगणीला लावून बसलेत."

ताई काही म्हणणार तोच कडी वाजली. दादा बाहेर आले. काखेत पुस्तक, कानावर पेन्सिल. चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळेना.

"छपाई स्वच्छ आहे," ते प्रकाशकाला म्हणाले. "थोड्या चुका राहिल्यात, खुणा केल्यात मी. पण एक वाक्य गाळलंय."

"गाळलंय? कुठलं?"

"नवव्या प्रकरणातलं. शेवटचं."

प्रकाशकाने ताईकडे पाहिलं. ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. "दादा," ती म्हणाली, "तुला काय ठाऊक, तिथे वाक्य होतं म्हणून?"

दादांनी चष्मा काढला आणि डोळे मिटून म्हणून दाखवलं, शब्द न् शब्द, कुठेही न अडखळता: "'दाराबाहेर त्याची बायको भिंतीला पाठ लावून उभी असे, आणि नळ बंद झाला की मनातल्या मनात म्हणे, बरं, केलं माफ.'" त्यांनी डोळे उघडले. "कुठे गेलं ते?"

या खेपेला वहिनींच्या हातून काही पडलं नाही, कारण हातात काही नव्हतंच. 

दादा खुर्चीवर बसले. कोट शेजारच्या खुर्चीवर होता, त्याचं नवं बटण ते बोटांनी चाचपत राहिले. "तुरुंगात एक अधिकारी होता. बोलायला मऊ. रोज समोर बसायचा आणि हे पुस्तक मोठ्याने वाचायचा. पानापानाला एकच प्रश्न, तात्या कोण? सेनापती म्हटलं असतं तर ताईवर राजद्रोह लागला असता. म्हणून खरं तेच सांगितलं. म्हटलं, तात्या म्हणजे मी."

"तू सांगितलंस?" धाकटी जवळजवळ किंचाळली.

"पहिल्याच दिवशी. साबण कापून दाखवला त्याला. त्याचे बूट रांगेत लावून दाखवले. पटेचना! म्हणाला, 'स्वतःबद्दल असलं कुणी कबूल करतं का? बहिणीला वाचवायला खोटं बोलताय.' फाइलीत लिहिलं, आरोपी दिशाभूल करतो."

चिमणीच्या तोंडून फिस्सकन हसू निसटलं आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"हस, हस," दादा म्हणाले. "मला नाही आलं तेव्हा हसू. असा भडकलो होतो की ताई समोर असती तर मीच धरून दिली असती. मी घरासाठी जिवाचं रान करतोय, आणि माझी बहीण मला विदूषक करून बाजारात मांडतेय! मग ते नववं आलं." ते थांबले. "मला वाटायचं, नळ सोडला की बाहेर काही जात नाही."

 प्रकाशकाचा फोन वाजला, त्याने तो न बघताच बंद केला.

"मग मी रोज त्याला म्हणायचो, 'साहेब, नवव्याचा शेवट नीट ऐकू आला नाही, परत वाचा.' त्याला वाटे, गडी आता मोडतोय, कबूल होतोय. तो परत वाचायचा. थंडी, मार, काय काय असायचं तिथे. पण दिवसाकाठी एकदा तो माणूस समोर बसून मला सांगायचा, केलं माफ. त्या बिचाऱ्याला ठाऊकसुद्धा नव्हतं तो काय सांगतोय ते."

 त्या दिवसांत वहिनी रोज तुरुंगाच्या फाटकाशी उभ्या राहत, कपडे घेऊन, आणि कपडे परत घेऊन घरी येत. एकदाही भेट मिळाली नव्हती. आपला निरोप आत रोज पोचत होता, तोही शत्रूच्या तोंडून, हे त्यांना आज कळत होतं.

"घरी आल्यावर एका शब्दाने तरी बोलायचंत," त्या म्हणाल्या.

"कसं बोलणार? तात्याचं नाव निघालं की तू बशी फोडायचीस. मला वाटलं, तुला नकोय तो विषय. घरातल्या बशा संपायच्या आत गप्प बसावं झालं."

आता मात्र चिमणीला आवरेना. धाकटीलाही आवरेना. दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसू लागल्या, आणि वहिनींना हसावं की रडावं ते कळेनासं झालं.

"पण वाक्य का काढलंस?" दादा ताईकडे वळले.

"वहिनीला जपायला. ते वाचलं असतंस तर तुला लगेच कळलं असतं, आतलं कुणी सांगितलं ते."

"म्हणजे सेन्सॉरने जे सोडलं होतं ते तू काढलंस?"

ताईला हे लागलं. पण तिचे डोळे प्रथमच जमिनीवरून उठले. "हो," ती म्हणाली. "मी काढलं."

"मग मीच जाऊन सांगतो आज. तात्या कोण, तेही सांगतो."

"नको!" प्रकाशक खुर्चीवरून उडालाच. "दादा, हात जोडतो तुम्हाला. लोक सेनापतींवर हसायला आलेत. तात्या म्हणजे घरातला एक सज्जन गृहस्थ होता असं कळलं तर सगळा फुगा फुटेल हो!"

"माल एक आणि पाटी दुसरी? त्यासाठी मी उभ्या आयुष्यात दुकानदारांना दंड केलेत."

"प्रकाशक बरोबर बोलतोय," धाकटी पुन्हा पलटली. "चारचौघांत तुझं हसं होईल, दादा. एवढं सोसलंस ते काय यासाठी?"

"आत्या, बाबांना बोलू दे," चिमणी म्हणाली.

"चिमणे, साबण राहू दे. नववं वाच. ते वाक्य घालून वाच," दादांनी फर्मान सोडलं आणि कोट उचलला. विषय संपला होता. या घरात विषय असेच संपत.

"थांबा," वहिनी म्हणाल्या.

दादांचा एक हात कोटात, एक बाहेर.

"मला विचारलंत?"

"तुला? वाक्य तर ताईचं आहे."

"लिहिलं तिने. पण दाराबाहेर कोण उभं होतं? मी. अख्ख्या गावासमोर माझ्या मनातलं वाचायचं ठरवताय, आणि मला विचारायचं कुणालाच सुचलं नाही. ना तुम्हाला, ना हिला." त्यांनी ताईकडे बघितलं. "छापताना विचारलं नाहीस, गाळतानाही विचारलं नाहीस."

ताईने कान पकडला. दादा तसेच उभे राहिले, अर्ध्या कोटात. ते बाथरूमच्या दाराकडे बघताहेत असं वहिनींना क्षणभर वाटलं. पण इथे सोडायला नळ नव्हता.

"चुकलं माझं," दादा म्हणाले. हे सगळ्यांना ऐकू गेलं. "विचारायला हवं होतं. वाचू दे का ते?"

"विचार करून सांगते," वहिनी म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी चहाला पाणी ठेवलं. वास्तविक विचार झालेला होता. पण इतक्या वर्षांनी माणूस विचारतोय, तर त्याला जरा उभं राहू द्यावं. पाण्याला उकळी फुटली तेव्हा त्यांनी ओट्यापाशी उभं राहूनच सांगितलं, "वाचा." बाहेर प्रकाशकाने डोक्याला हात लावलेला त्यांना दिसला.

रस्ते माणसांनी इतके भरले होते की गाडी सोडून चालत जावं लागलं. हॉलमध्ये लोक पायऱ्यांवर, खिडक्यांत, दिसेल त्या जागी बसलेले. ताई स्टेजवर आली तेव्हा एकच गजर झाला. चिमणी उभी राहिली आणि वाचू लागली. नळ सुटला, तात्या आरशासमोर उभा राहिला, सभागृह खो खो हसू लागलं. लोकांच्या डोळ्यांपुढे सेनापती होते, बिल्ले लावलेले, आरशासमोर माफीचा सराव करणारे. टॉवेलच्या वाक्याला तर छप्पर उडायची पाळी आली. चिमणीने तो आवाज ओसरू दिला, पुस्तक मिटलं, आणि ते गाळलेलं वाक्य तोंडपाठ म्हटलं.

हसू विरलं. कुणालाच कळेना की याचं काय करायचं. सेनापतींना माफ करणारी ही बायको कोण?

पुढच्या रांगेतून एक विद्यार्थिनी उभी राहिली. "ताई, एकदाच सांगा. तात्या म्हणजे सेनापतीच ना?"

ताईने माइक जवळ ओढला, पण त्याआधीच दादा उभे राहिले होते. "मी वजनमापं खात्यात होतो," त्यांनी माइकशिवायच सांगितलं. "खोटी पाटी मला चालत नाही. तात्या म्हणजे मी."

हास्याचा लोट उसळला. "बसा आजोबा!" मागून कुणीतरी प्रेमानेच ओरडलं; बहिणीपायी तुरुंगात गेलेला भाऊ सगळ्यांना ठाऊक होता. "आता घाबरू नका! बहिणीला वाचवायची गरज राहिली नाही आता!"

दादा गोंधळून उभे राहिले. तुरुंगातल्या खोलीत झालं तेच पुन्हा झालं होतं. खरं सांगूनही कुणाला पटत नव्हतं. त्यांनी वळून पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा वहिनींना त्यांच्या डोळ्यांत मदतीची हाक दिसली.

वहिनी उठल्या.  "खरं बोलतायत हे," त्या म्हणाल्या. "दाराबाहेर मी उभी असायचे. यांची बायको."

 अगदी मागे, खांबाला टेकलेली एक म्हातारी बाई म्हणाली, "बाई गं, आमच्याकडे नळ नाही. आमचे हे रेडिओ मोठा करतात!"

मग जे झालं ते आवरायला कुणाच्या हातात नव्हतं. "आमचे सासरे दिव्यांची बटणं मोजतात!" एकीने उठून सांगितलं. "आमची मोठी बहीण!" दुसरा ओरडला, "तात्या बाईपण असू शकते!" आणि खिडकीत बसलेला एक भारदस्त गृहस्थ कसाबसा उभा राहिला, शेजारी बसलेल्या बायकोकडे बघत त्याने हात वर केला. "आमच्या घरचा तात्या मी," तो म्हणाला, आणि टाळ्यांनी सभागृह दणाणलं. प्रकाशक आधी भिंतीला टेकून कपाळ धरून उभा होता, तो आता पुस्तकांच्या टेबलाकडे पळत सुटला, कारण तिथे झुंबड उडाली होती.

ताई बोलायला उभी राहिली तेव्हा ती एकाच वेळी हसत होती आणि डोळे पुसत होती. "मला वाटायचं, सेनापतींनी माझं पुस्तक चुकीचं वाचलं," ती म्हणाली. "तसं नाही. त्यांनी त्यात स्वतःला ओळखलं आणि पुस्तकं उचलली. माझ्या भावानेही स्वतःला ओळखलं, आणि तो म्हणाला, परत वाचा."

मग तिने माइक बाजूला सारला.

नंतर सह्यांसाठी रांग लागली. ताई सह्या करून थकली, धाकटी तिच्या पाठीशी पाण्याचा पेला घेऊन उभी, आणि तो पेला दुसऱ्या कुणाला धरू देईना. रांगेतली ती रेडिओवाली म्हातारी ताईला ओलांडून सरळ वहिनींपाशी आली आणि पुस्तक पुढे केलं.

"तुम्ही करा सही."

"मी? मी कुठे लिहिलंय काही?"

"लिहिणारी ती तिकडे आहे. मला उभं राहणारीची हवी."

वहिनींनी आजवर रेशनच्या दुकानात सह्या केल्या होत्या, आणि तुरुंगाच्या फाटकावर. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दादांनी आपलं पेन काढून दिलं आणि पान नीट धरलं. वहिनींनी सही केली. ती वरून सुरू झाली, पानभर तिरपी उतरत गेली आणि शेवटचं अक्षर थेट कडेवर जाऊन आदळलं.

दादांनी सहीकडे बघितलं. त्यांनी तोंड उघडलं.

वहिनी वाट पाहत राहिल्या.

दादांनी तोंड मिटलं, शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घातली आणि रांगेकडे वळून म्हणाले, "पुढचे या."